जुने चौल दोन दिवसांत कसे पाहावे: रेवदंडा, चौल, कोर्लई

अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता रेवदंड्यात एका जाड दगडी तटातून आत शिरतो, माडांच्या वाड्यांमधून जातो आणि थोड्याच वेळात खाडीच्या पुलाकडे निघतो. तेवढ्या अवधीत गाडी एका तटबंद पोर्तुगीज शहरातून आरपार गेलेली असते. काशीदचा समुद्र गाठायच्या घाईत बहुतेकांना ते कळतही नाही. हे शहर २१९ वर्षे पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी इथे किल्ला बांधायला घेतला आणि १७४० च्या तहात चौल-कोर्लई मराठ्यांना दिले. ते नीट पाहायचे तर दोन दिवस लागतात, आणि दोन दिवस पुरतातही. फक्त क्रम, सूर्य आणि भरती-ओहोटी यांचा मेळ घालावा लागतो.

आधी तीन जागा डोक्यात बसवा

इथे येणाऱ्यांचा पहिला गोंधळ नावांचा होतो. पूर्वी ‘चौल’ म्हणत ते एकच मोठे बंदर होते, आज त्याचे तीन तुकडे तीन नावांनी ओळखले जातात.

पहिला तुकडा आजचे चौल गाव. ही देशी लोकांची पेठ. देवळे, तळी, मशिदी, हमामखाना सगळे इथे. याचे पुराणातले नाव चंपावती. दुसरा तुकडा रेवदंडा, म्हणजे पोर्तुगिजांचे खालचे चौल. समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात तटाने वेढलेले हे शहर, त्याला आगरकोट असेही म्हणतात. तिसरा तुकडा खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर. कुंडलिकेच्या मुखावर तो पहारेकऱ्यासारखा आडवा पडलेला आहे.

पेठ, तटातले शहर आणि मुखावरचा पहारा याच क्रमाने पाहिले की प्रत्येक भिंत तिथे का आहे ते उमगत जाते. उलट क्रमाने पाहिले तर तीन वेगवेगळे अवशेष पाहिल्यासारखे वाटते. शिवाय अलिबागहून येताना रस्त्यावर हाच क्रम लागतो.

तारीख ठरवताना कॅलेंडरवरची तिथी पाहा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. ऑक्टोबरपर्यंत पावसाळी झाडोरा अवशेषांवर इतका माजलेला असतो की भिंत कुठे संपते आणि वेल कुठे सुरू होतो ते कळत नाही, आणि त्यात साप-विंचवाची भीती. मार्चपासून दमटपणा वाढतो, कोर्लईच्या चढावर तो जाणवतो. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा टाळाच. दत्तजयंतीच्या सुमाराला चौलची मोठी जत्रा असते. जत्रा पाहायची असेल तर मुद्दाम या, पण त्या गर्दीत अवशेष पाहण्याची अपेक्षा ठेवू नका.

आता भरतीचा हिशेब. किनाऱ्यावरची माणसे तो तिथीवरून करतात, तुम्हालाही जमेल. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जे येईल ते पूर्ण भरतीचे घड्याळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. सप्तमीला सव्वापाच. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरतीचे तक्ते मोबाइलवर पाहून घ्या. महिनाभर आधी शनिवार निवडायला मात्र पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे.

शनिवार निवडायचा तो त्रयोदशी ते प्रतिपदा यांच्यातला. त्या दिवसांत भरती सकाळी उशिरा किंवा दुपारच्या सुमारास येते आणि चार ते सातच्या दरम्यान ओहोटी लागते. उधाणाचे दिवस असल्याने पाणी एरवीपेक्षा लांब मागे जाते. रेवदंड्याचा समुद्राकडचा तट बाहेरून, ओल्या वाळूवरून पाहायचा असेल तर हेच दिवस हवेत. सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याच्या, दिवसांत संध्याकाळी पाणी तटाच्या बाजूला असते. तेव्हा तट आतून आणि वरून पाहावा लागतो आणि त्याची उंची लक्षात येत नाही.

पोहोचणे

मुंबईकरांनी शक्यतो समुद्रमार्गे यावे. या शहराकडे लोक शतकानुशतके तसेच आले. गेटवेहून मांडव्याची बोट साधारण तासाभरात पोहोचवते. बोटीच्या तिकिटात अनेकदा मांडवा ते अलिबाग बसचे भाडे धरलेले असते, म्हणून तिकिटाचा तुकडा उतरल्यावर टाकू नका, बसमध्ये तोच दाखवायचा असतो. सकाळची पहिली-दुसरी बोट धरा. सकाळी समुद्र शांत असतो, दुपारनंतर वारा वाढतो आणि बोट लागणाऱ्यांचे हाल होतात. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात.

स्वतःची गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे. शनिवार-रविवारची जागा आधी आरक्षित केल्याशिवाय धक्क्यावर जाऊ नका.

रस्त्याने मुंबई ते अलिबाग साधारण शंभर किलोमीटर पडते, पनवेल, पेण, वडखळ मार्गे. पुणेकरांना खोपोली-पेणमार्गे सुमारे १४५ किलोमीटर. दोघांचीही अडचण एकच, वडखळ. शनिवारी सकाळी साडेआठनंतर तिथे गाड्यांची रांग लागते, म्हणून वडखळ आठच्या आत ओलांडायच्या हिशेबाने घर सोडा.

अलिबाग एसटी स्थानकावरून रेवदंडा आणि मुरुडच्या गाड्या मिळतात. त्या नसतील तेव्हा मिनीडोर, म्हणजे वाटून घ्यायची मोठी रिक्षा, आहेच. ती माणसे भरल्याशिवाय सुटत नाही, घाई असेल तर उरलेल्या जागांचे पैसे देऊन टाका. अलिबाग ते चौल साधारण पंधरा किलोमीटर आणि रेवदंडा त्याच्या दोन-तीन किलोमीटर पुढे.

मुक्काम रेवदंडा किंवा चौलमध्ये करा. नागावमध्ये सोयी जास्त आहेत, पण तिथे राहिलात तर रविवारची पहाट प्रवासात जाते, आणि ती पहाट या सहलीतला सर्वांत मोलाचा भाग आहे. वाडीतल्या घरगुती खोल्या स्वच्छ असतात. आरक्षण करताना तीन गोष्टी विचारून घ्या: जेवण घरीच मिळते का, वीज गेली तर पंख्याची सोय काय, आणि मच्छरदाणी आहे का. माड-पोफळीच्या वाडीत पाट सोडून पाणी देतात, त्यामुळे संध्याकाळी डास असतातच.

शनिवार सकाळ: आक्षीचा दगड आणि चौलची पेठ

अलिबाग सोडल्यावर चार-पाच किलोमीटरवर आक्षी लागते. तिथल्या शिलालेखाची तारीख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, अशी वाचली गेली आहे आणि मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून त्याचे नाव घेतले जाते. दहा मिनिटे थांबा. एक हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर मराठी दगडावर कोरली जात होती, हे चौल पाहण्याआधी ठाऊक असलेले बरे. पोर्तुगीज आले तेव्हा इथे काही ओसाड किनारा नव्हता.

चौल तर त्याहून कितीतरी जुने. टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख आहे. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत, दहाव्या शतकात अल-मसूदी इथे येऊन गेला. पुढे निजामशाहीचे हे मोठे बंदर झाले, होर्मुझहून घोडे इथे उतरत आणि इथले रेशमी व सुती कापड परदेशी जाई.

चौलमध्ये दोनच जागा निवडा, नाहीतर दुपार हातची जाईल. पहिली रामेश्वराचे देऊळ. समोर दगडी पायऱ्यांची मोठी पुष्करणी, दीपमाळ आणि कौलारू मंडप आहे. मंडपाच्या फरशीखाली अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडे बंद करून ठेवलेली आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची परंपरा होती. पुजाऱ्यांना विचारलेत तर ती कुठे आहेत ते दाखवतात. पुष्करणीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, मुलांचा हात सोडू नका.

दुसरी जागा हमामखाना. हे जुने स्नानगृह आहे, घुमटाच्या खोल्यांचे. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे शांत उभे राहा, मग पाण्याच्या वाटा आणि खोल्यांची रचना दिसू लागते. विजेरी न्या. वटवाघळांच्या विष्ठेचा वास ज्यांना सहन होत नाही त्यांनी रुमाल जवळ ठेवावा.

हिंगुळजाई आणि दत्ताच्या डोंगरावरची देवळे सुंदर आहेत, पण दत्ताला शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात. त्याच दिवशी रेवदंडाही पाहायचा असेल तर पाय राखून ठेवा. शितळादेवीचे दर्शन मात्र फार वाट वाकडी न करता होते.

जेवण, आणि ते आधी सांगणे

इथल्या घरगुती खानावळीत सांगितल्यावर भाकरी थापायला घेतात. म्हणून सकाळी चौलमध्ये असतानाच फोन करून किती माणसे, मासे कोणते, हे कळवा. न कळवता दीड वाजता गेलात तर ताटावर बसेपर्यंत तीन वाजतात आणि रेवदंड्याचा वेळ जातो. इथला खास मासा जिताडा, तो खाडीतही मिळतो आणि तळ्यातही वाढवतात. मिळाला तर तोच घ्या, आणि तांदळाची भाकरी. शाकाहारी माणसांनी वालाचे बिरडे मागावे, ते या भागात मनापासून केले जाते. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी असते, त्या दिवसांत ‘ताजा पापलेट’ या शब्दावर विसंबू नका.

थंडीत आलात तर शनिवारी रात्रीसाठी पोपटी सांगून ठेवा. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालतात, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा आणि जाडे मीठ, वरून पुन्हा पाला दाबून बसवतात आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा-झावळ्यांचा जाळ करतात. पाणीही नाही, तेलही नाही. शेंगांच्या स्वतःच्या ओलाव्यावर आणि भांबुर्डीच्या वाफेवर सगळे शिजते. अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. गरम मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले आणि ते चर्र होऊन लगेच उडाले की झाले. वालाच्या शेंगा भरलेल्या असतात त्या डिसेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतच. मे महिन्यात कोणी पोपटी देऊ केली तर ती वेगळ्याच शेंगांची असणार.

शनिवार साडेतीन ते सूर्यास्त: रेवदंड्याचा तट

जेवून तासभर पडा आणि साडेतीनला निघा. उन्हे तेव्हा तिरपी होऊ लागतात आणि कोरीव दगडांवरचे आकार उठून दिसतात. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात तेच दगड सपाट वाटतात.

गाडी मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवा. तटाच्या आत चालतच फिरायचे. किनाऱ्यावरच्या वाळूत तर गाडी अजिबात नेऊ नका. वरून घट्ट वाटणारी ओली वाळू खाली पोकळ असते, चाक रुतले की जितका वेग द्याल तितके खोल जाते, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही.

सुरुवात अलिबागच्या बाजूच्या दरवाजापासून करा. दरवाज्याच्या कमानीकडे मान वर करून पाहा, तिथे पोर्तुगालचे राजचिन्ह कोरलेले आहे. ते ओळखायची खूण अशी: मोठ्या ढालीत क्रुसाच्या आकारात मांडलेल्या पाच छोट्या ढाली, कडेने किल्ल्यांच्या आकृत्या आणि वर मुकुट. ही खूण एकदा ओळखू आली की वसईपासून दमणपर्यंत कुठेही तुम्ही ती चुकणार नाही. दरवाज्यातून वाट सरळ न जाता वळते, त्याचेही कारण आहे. हत्तीला किंवा ओंडक्याने दार फोडणाऱ्यांना धाव घ्यायला जागा मिळू नये आणि वळणावर वरून मारा करता यावा. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने या शहराला कित्येक महिने वेढा घातला होता, तरी ते पडले नाही. तट अधिक भक्कम करण्याची निकड पोर्तुगिजांना त्यानंतरच पटली.

आता सातखणी शोधा. हा बुरूज सात मजली होता म्हणून सातखणी, त्यातले चारच मजले उभे आहेत. रस्ता चुकलात तर कोणाला विचारण्याआधी माडांच्या शेंड्यांवर नजर टाका, त्यांच्या वर डोके काढलेली एकच गोष्ट आहे. पायथ्याशी तोफा पडलेल्या आहेत. बुरुजावर चढायचा मोह आवरा. आतले मजले केव्हाच कोसळले आहेत आणि वरच्या दगडांना चुन्याचा आधार उरलेला नाही. दुरून पाहिलात तरच त्याची उंची कळते.

सातखणीपासून चर्च आणि मठांचे अवशेष वाड्यांमध्ये विखुरलेले आहेत. आणि हीच या शहराची खरी अडचण आहे. बहुतेक अवशेष खासगी वाड्यांच्या आत किंवा त्यांना लागून आहेत. बेड्याचा, म्हणजे वाडीच्या फाटकाचा, आडवा वासा दिसला तर तो ओलांडू नका. हाक मारा, “काका, जरा भिंत बघून येऊ का?” म्हणा. सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट कुठून वाट आहे ते दाखवतात आणि तुम्हाला न सापडणारा एखादा कोरीव दगडही दाखवतात. न विचारता शिरणाऱ्यांनी शहाळी पाडून, कुंपणे मोडून वाडीवाल्यांना त्रास दिला आहे, त्याची भरपाई तुमच्या वागण्यातून होऊ द्या.

वाडीत चालताना दोन धोके असतात. माडाखाली उभे राहून फोटो काढू नका, नारळ आणि सुकलेली झावळी दोन्ही न सांगता पडतात. आणि पाचोळ्यावर पाऊल टाकताना समोर पाहा, जुन्या विहिरींना कधीकधी कठडा नसतो. बंद बूट घाला, चपला नकोत.

अवशेषांत काय पाहायचे? छप्पर कुठेच शोधू नका. ती लाकडाची आणि कौलांची होती, वस्ती उठल्यावर लाकूड गेले, कौले गेली, पाऊस थेट भिंतींवर पडू लागला आणि सांध्यांत वड-पिंपळाची मुळे शिरली. जे उरले ते दगडी कमानींच्या बळावर. चर्चच्या वेदीकडच्या भागात जिथे छताची दगडी कमान शाबूत आहे तिथे खाली उभे राहून वर पाहा, दगड एकमेकांना कसे पेलून धरतात ते दिसते. कोपऱ्यांचे दगड घडीव, मधली भिंत ओबडधोबड आणि वर चुन्याचा गिलावा, ही इथल्या बांधकामाची पद्धत. गिलाव्यात रंगाचा अंश कुठे दिसला तर हात लावू नका. अवशेष संरक्षित आहेत, पण नावे कोरणाऱ्यांना पाटीने थांबवलेले नाही.

साडेपाचच्या सुमारास समुद्राच्या बाजूने बाहेर पडा. ओहोटी असेल तर तट डावी-उजवीकडे किती लांब गेला आहे ते वाळूवर उभे राहून पाहा. बाहेरून आलेल्या खलाशाला हे शहर असेच दिसत असणार. सूर्य तटासमोरच बुडतो. पोहायचे असेल तर उघड्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात, आणि खाडीच्या मुखाजवळ मुळीच नाही. ओहोटीला खाडीचे सगळे पाणी तिथून समुद्राकडे ओढले जाते, चांगल्या पोहणाऱ्याचेही तिथे चालत नाही.

गावात फिरताना आणखी दोन ठिकाणे लक्षात ठेवा. एक, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचे बेथ एल हे प्रार्थनास्थळ. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. तुम्ही शनिवारीच पोहोचलेले असाल, त्यामुळे बाहेरूनच पाहा आणि आत जायचे झाले तर विचारून रविवारी जा. दुसरे, शाळेच्या आवारातला अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा स्मारकस्तंभ. पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या काही दशके आधी, तो घोडा घेऊन चौलला उतरला होता. शाळा असली तरी परवानगी मागून आत जाता येते.

रविवार पहाटे: कोर्लई

सहाला खोली सोडा. रेवदंड्याच्या पुलावरून साळावला उतरून मुरुड रस्त्याने कोर्लई गाव, आणि गावातून डोंगराच्या पायथ्याने दीपगृहाकडे जाणारी अरुंद वाट. समोरून गाडी आली तर एकाला मागे घ्यावीच लागते, म्हणून पहाटेची वेळ बरी. आठनंतर इथे गाड्या अडकतात. रिक्षाने आलात तर चालकाला परतीची वेळ सांगून थांबवून ठेवा, डोंगराखाली परतीची रिक्षा मिळत नाही.

सामान कमी पण नेमके घ्या. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, सुका खाऊ. किल्ल्यात पाण्याचे टाके आहे, त्यातले पाणी पिऊ नका, आणि सावली जवळजवळ कुठेच नाही. दीपगृहाच्या मागून दगडी पायऱ्या सुरू होतात. डोंगर शंभर मीटरच्याही आतला आहे, पण पायऱ्या उभ्या आणि उंच आहेत. घाई न करता अर्ध्या तासात माथा येतो. गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, त्यांनी काठी न्यावी.

वर पोहोचल्यावर लगेच फोटो काढायला धावू नका. किल्ला लांबट आणि अरुंद आहे, डोंगराच्या धारेवर उत्तर-दक्षिण पसरलेला. आडव्या भिंती आणि दरवाजे घालून त्याचे कप्पे केले आहेत, शत्रूने एक कप्पा घेतला तरी पुढचा लढता यावा म्हणून. आधी उत्तरेच्या टोकाकडे जा. खाली पाण्यालगत क्रुसाचा बुरूज, डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे कुंडलिकेची खाडी, पलीकडे माडांत लपलेले रेवदंडा आणि त्यातून वर आलेला सातखणी. काल पाहिलेले सगळे शहर इथून एका नजरेत येते. तोफा इथे का ठेवल्या ते सांगावे लागत नाही. मुखातून आत जाणारे प्रत्येक गलबत या टोकाच्या माऱ्यात येते.

याच पाण्यात मार्च १५०८ मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगिजांना हरवले. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचे जहाज निसटताना कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो मारला गेला. ओहोटीच्या वेळी खाडीकडे नीट पाहा, तसे जाळ्यांचे खांब आजही रोवलेले दिसतात. पुढे १५९४ मध्ये निजामशहाने या डोंगरावर किल्ला उभारला आणि खालच्या शहरावर तोफा डागल्या, तेव्हा पोर्तुगिजांनी हल्ला करून तो घेतला. डोंगर शत्रूकडे असताना खाली राहणे शक्यच नव्हते.

परत येताना माथ्यावरच्या बिनछपराच्या चर्चमध्ये थांबा. जवळच महादेवाचे छोटे देऊळ आणि तुळशीवृंदावन आहे. मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर बुरुजांची नावेही बदलली, सेंट फ्रान्सिसचा गणेश बुरूज झाला. इथे पोर्तुगीज अक्षरांचे कोरीव दगड आहेत. ओळ वाचता येत नसली तरी साल शोधा, ते बहुधा वाचता येते. अक्षरांवर पाणी ओतू नका, खडू फिरवू नका. कडेकडेने कॅमेऱ्याचा तिरपा उजेड पाडला की अक्षरे आपोआप उठतात.

साडेआठ-नऊला खाली उतरा. दीपगृह बघायला मिळते, पण ठरावीक वेळात, सहसा दुपारनंतर. त्यासाठी थांबून उरलेला दिवस घालवू नका.

कोर्लई गावात कसे वागावे

हा या सहलीतला माझ्या मते सर्वांत जपून करायचा भाग. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत अजून एक भाषा बोलली जाते, पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे जेमतेम हजारभर. पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये गेली, तरी घराघरांतून ती टिकली, आणि पोर्तुगिजांनी बांधलेल्या साऱ्या दगडांपेक्षा ती जिवंत आहे.

म्हणून तिला प्रेक्षणीय स्थळ समजू नका. “जरा बोलून दाखवा ना” असे म्हणत मोबाइल पुढे करणे वाईट. रविवारी सकाळी माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा आत गेलात तर शेवटच्या बाकावर बसा आणि कॅमेरा बंद ठेवा. दुकानात चहा घ्या, मराठीत दोन शब्द बोला. सगळ्यांना मराठी येते. आपसात बोलणे सुरू झाले की ती भाषा तुमच्या कानावर आपसूक पडेल, आणि ओळखीच्या मराठी चालीत अनोळखी शब्द ऐकू येतील.

परतताना

अकराला खोलीवर, आंघोळ, आणि जेवून दोनच्या आत निघा. काशीद, मुरुड आणि जंजिरा त्याच दिवशी जोडण्याचा हट्ट धरू नका. जंजिऱ्याला होडीची रांग, पुढचा रस्ता आणि परतीची गर्दी धरून तो वेगळा दिवस आहे. रविवारी चारनंतर मांडव्याच्या धक्क्यावर रांग वाढत जाते आणि वडखळला गाड्या थांबतात, शेवटच्या बोटीवर तर भिस्त ठेवूच नका. फेब्रुवारी ते एप्रिल असेल तर अलिबागच्या आसपास रस्त्यालगत पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. घेताना कांदा चपटा, पात नीट वाळलेली आणि वेणी घट्ट आहे ते पाहा. ओली वेणी पिशवीत घातलीत तर घरी पोहोचेपर्यंत सडायला लागते, म्हणून गाडीत ती उघडीच टांगा.

मुंबईत परतलात आणि कधी काळबादेवीकडे गेलात तर चेऊलवाडी विचारा. चौलचा व्यापार ओसरला आणि इंग्रजांची मुंबई वाढू लागली तेव्हा चौलचे लोक इकडे येऊन वसले, त्यांच्या गावाचे नाव त्या गल्लीला अजून आहे.